तराफा आणायला गेलो तेव्हा

तराफा सुटून वाहून गेला होता, तो परत आणायचा, एवढंच काम होतं.

दिवा असू द्या. अंधाराची भीती वाटते म्हणून नव्हे. जे घडलं ते सगळं दिवसाउजेडी घडलं. पण हे सांगताना ऐकणाऱ्याचा चेहरा दिसलेला मला बरा वाटतो.

ऑगस्टमधला शनिवार होता. आम्ही चौघं नेहमीसारखे वेंडेलच्या तळ्याकाठच्या घरी आलो होतो. आमच्या मिनेसोटात उत्तरेला तळ्यांना काही तोटा नाही. ओडेगार्डचं तळं त्यातलंच एक. काठाने काळपट हिरवी सूचिपर्णी झाडं, त्यांच्यामधून लांब लांब विखुरलेली लाकडी घरं. वेंडेलचं घर त्याच्या आजोबांनी बांधलेलं. हिवाळाभर तो रस्त्यावरचा बर्फ काढायची गाडी चालवतो, त्यामुळे उन्हाळ्यावर आपला हक्क आहे असं त्याचं म्हणणं. शुक्रवारी दुपार झाली की त्याचा फोन यायचाच, "निघालात की नाही अजून? मासे विचारतायत तुम्हाला." त्याची बायको जोडी इस्पितळात नर्स आहे. ती आणि मी शाळेपासूनच्या मैत्रिणी. आणि क्लेटन माझा. आम्ही लग्न केलेलं नाही, पण इतकी वर्षं एका छपराखाली काढल्यावर लोकांनी विचारायचंही सोडून दिलंय. तो शाळेत मुलांना सुतारकाम शिकवतो, मी सेंट पॉलमध्ये चष्म्याच्या दुकानात काम करते.

त्या घरी पोचलं की आधी बूट काढायचे, ते रविवारी निघतानाच पायांत घालायचे. तळ्यात डुंबायचं, सॉनात, म्हणजे तापवलेल्या लाकडी खोलीत, घामाघूम व्हायचं, की पुन्हा तळ्यात उडी. संध्याकाळी ग्रिलवर सॉसेज आणि मक्याची कणसं, मग पत्ते. क्लेटन पत्त्यांत लबाडी करायचा, ती सगळ्यांना कळायची, आणि आपली लबाडी सगळ्यांना कळते हे त्यालाही ठाऊक असायचं. सॉसेज तो दर वेळी एका बाजूने करपवायचा. वेंडेल म्हणायचा, "एक बाजू कच्ची, एक बाजू जळकी. सरासरी काढली तर उत्तम स्वयंपाकी आहे हा."

त्या उन्हाळ्यात जोडी गरोदर होती. दिवस भरत आले होते. ती धक्क्यावर पाय पाण्यात सोडून बसायची आणि आम्हाला हुकूम सोडायची. तिच्यासाठीच तराफा जवळ हवा होता. त्यावर आडवं पडलं की पाठीला आराम पडतो, म्हणायची.

शुक्रवारी रात्री वादळ झालं. सकाळी उठून बघतो तर धक्क्यासमोर मोकळं पाणी. तराफ्याची साखळी सुटलेली.

"साखळी कोणी अडकवली होती गेल्या आठवड्यात?" वेंडेलने कॉफीचा मग हातात घेऊन विचारलं.

"मी," क्लेटन म्हणाला.

"मुलांना सुतारकाम शिकवतोस ना तू? बिचाऱ्यांच्या खुर्च्यांवर कोण बसतं रे?"

"तुझ्यासारखी जाडी माणसं बसवून बघतो. मोडली तर नापास."

वेंडेलने दुर्बिणीतून बघितलं. तराफा पार पलीकडे गेला होता, ओंडक्यांच्या कोन्याच्या तोंडाशी, तळं काठात आत घुसतं तिथे. जुन्या काळी तिथे लाकडाची गिरणी होती, तळ्यातून ओंडके तरंगवत आणायचे. त्यातले कितीतरी बुडाले. अजून ते तिथेच आहेत, पाण्यात उभे, डोकी जेमतेम पृष्ठभागाच्या खाली. बोटीचा पंखा त्यावर आपटला की गेलाच. म्हणून त्या कोन्यात कोणी जात नाही. पाणीही तिथलं खोल आणि थंडगार, तळातून झरे आहेत म्हणतात.

नाश्ता करून आम्ही चौघंही निघालो. सपाट, छत असलेली बोट, भोवती बाकं, मधे खाण्याचा डबा. ऊन छान पडलं होतं. जोडीने टोपी डोळ्यांवर ओढली होती. सहलीसारखंच वाटत होतं.

पलीकडे पोचलो तेव्हा कोन्यात धुकं होतं. सकाळचं धुकं तळ्यावर नेहमीच असतं, पण ऊन चढलं की विरतं. हे विरलं नव्हतं. बाहेर सगळीकडे पाणी चकाकत होतं, आणि त्या एवढ्याच खोबणीत कापूस कोंबून ठेवावा तसं पांढरं. तराफा आत सरकला होता. त्याची एक कड दिसायची, पुन्हा दिसेनाशी व्हायची.

वेंडेलने इंजिन बंद केलं. "याच्यापुढे नको. ओंडके आहेत."

"मी जातो पोहत," क्लेटन म्हणाला. "दोरी बांधतो, झटका देतो, मग तुम्ही ओढा."

"गाठ नीट मार," मी म्हटलं.

"हो, मास्तरीणबाई."

त्याने शर्ट काढून माझ्या अंगावर फेकला. दोरीचं टोक खांद्यावरून घेऊन तो पाण्यात उतरला, "बापरे, बर्फ आहे नुसता!" असं ओरडला, आणि पोहत धुक्यात शिरला. दोरीचं वेटोळं माझ्या हातात होतं. ती हळूहळू सुटत होती. मी त्याच्या हातांचा पाण्यावर होणारा चपक-चपक आवाज ऐकत होते. मग तो आवाज थांबला, आणि दोरीही थांबली.

फार शांत होतं. लांब कुठेतरी लून पक्षी ओरडला आणि मधेच गप्प झाला. धुक्यातून एक वास येत होता. चिखलाचा नाही, शेवाळाचाही नाही. पहिला बर्फ पडायच्या आधी हवेला येतो ना, तसा कोरडा, लोखंडासारखा. ऑगस्टमध्ये.

जोडी म्हणाली, "तुला येतोय का गं वास?"

इतक्यात दोरीला झटका बसला. वेंडेल आणि मी ओढायला लागलो. तराफा ओल्या लाकडाचा असल्याने जड होता, पण येत होता. धुक्यातून आधी त्याची कड आली, मग त्यावर बसलेला क्लेटन. गुडघे पोटाशी घेऊन, हातांनी दंड चोळत. आम्हाला बघून हसला.

"माझ्यासकट ओढलात. आभारी आहे," म्हणाला.

तो बोटीवर चढला. मी त्याला टॉवेल गुंडाळला. तो थरथरत होता, ओठ निळे पडले होते. जोडीने थर्मासमधली कॉफी ओतून दिली. वेंडेल मागे जाऊन इंजिनच्या किल्लीला हात घालणार, एवढ्यात धुक्यातून हाक आली.

"मॅरिट! अगं, दोरी का ओढलीत? मी अजून बांधली नव्हती!"

आवाज क्लेटनचा होता.

मी माझ्या शेजारच्या क्लेटनकडे बघितलं. त्याच्या हातातला कॉफीचा पेला तोंडापाशीच थांबला होता. तो आमच्याइतकाच घाबरलेला होता, हे मला आजही शपथेवर सांगता येईल. त्याच्या मानेवरची लव उभी राहिली होती.

"वेंडेल!" पुन्हा धुक्यातून. "चेष्टा पुरे झाली. तराफा कुठे नेलात? मला इथे धरायला काही नाहीये."

वेंडेल पुटपुटला, "कोणीतरी नक्कल करतंय. काठावरची पोरं असतील."

"मी इथे आहे," शेजारचा क्लेटन अगदी हळू म्हणाला. म्हणजे आम्हाला नाही, स्वतःशीच.

तिकडून लगेच प्रश्न आला, "कोण बोललं ते? वेंडेल, तू माझा आवाज काढतोयस का?"

मग थोडा वेळ फक्त पाण्यात पाय मारल्याचा आवाज. आणि मग, बदललेल्या स्वरात, "मॅर... तुझ्या शेजारी कोण आहे?"

मला मॅर म्हणून एकच माणूस हाक मारतो.

त्या क्षणी मला काय वाटलं, असं पुढे जोडीने विचारलं होतं एकदा. काही वाटलं नाही. खरंच. दंतवैद्य सुई टोचतो, मग ओठ असतो पण आपला नसतो, तसं सगळ्या अंगाचं झालं. मी माझाच आवाज ऐकला, दुकानात गिऱ्हाइकाला विचारावं इतका सरळ.

"क्लेटन, आपण पहिल्यांदा भेटलो तेव्हा मी काय सांडलं होतं?"

"सूप," दोघंही म्हणाले. "माझ्या बुटात."

एक माझ्या खांद्याशी, एक धुक्यातून. एकाच वेळी. आणि त्या आठवणीवर क्लेटन नेहमी नाकातून जे थोडंसं हसतो, तेही दोघं हसले, आणि दोघंही एकदम थांबले.

जोडी रडायला लागली. पोटावर दोन्ही हात दाबून धरले होते तिने. "वेंडेल, चल इथून. इंजिन चालू कर."

"अगं, पण तो पाण्यात... दोघांनाही घेऊ या. काठावर गेल्यावर बघू."

"नाही! बोटीवर नाही घ्यायचं. काय आहे ते माहीत नाही, आणि बोटीवर घ्यायचं? माझं बाळ आहे इथे, वेंडेल!"

"मला पाय मारवत नाहीयेत आता," धुक्यातून आवाज आला. तो ओरडत नव्हता. दमलेलं माणूस बोलतं तसा बोलत होता, आणि तरी शब्दन्‌शब्द ऐकू येत होता. "फार गार आहे, मॅर. दोरी टाक ना."

दोरी तराफ्याला बांधलेली होती. मी गाठ बघितली. क्लेटन मारतो तशीच गाठ होती.

धुकं कोन्यातून बाहेर सरकायला लागलं होतं. आधी तराफा त्यात गेला, मग बोटीची मागची कड. वेंडेलचा हात किल्लीवर. तो माझ्याकडे बघत होता. जोडीही. "मॅरिट, तू सांग," तो म्हणाला. "तुझा माणूस आहे. तू सांगशील तसं करू."

मी शेजारी बघितलं. क्लेटनने माझं मनगट धरलं होतं, पण ओढत नव्हता. "तुला वाटेल ते कर," तो म्हणाला. "तुला वाटत असेल मी उतरावं, तर मी उतरतो."

असं क्लेटनच बोलला असता. आणि तिकडे पाण्यात जो होता तोही असंच बोलला असता.

"चल," मी म्हटलं.

इंजिन सुरू झालं. "मॅर, इंजिन का—" एवढं ऐकू आलं, पुढचं आवाजात गेलं. मी मागे वळून बघितलं नाही. जोडीने कानांवर हात ठेवले होते. तराफा मागून आपटत, उड्या मारत येत होता, आणि दोन्ही बाजूंना ऊन इतकं लख्ख होतं की डोळे दिपत होते.

धुकं विरल्यावर, दुपारी, वेंडेल आणि मी परत गेलो. शेजाऱ्यांची छोटी होडी घेतली आणि वल्ही मारत अगदी आतपर्यंत शिरलो. पाणी नितळ होतं. खाली ओंडके उभे होते, एकमेकांना खेटून, खोलवर. मी वाकून प्रत्येकाच्या मधे बघितलं. काही नव्हतं. काठावर एक बगळा होता, तोही हलला नाही. वेंडेलने हाका मारल्या, "क्लेटन! क्लेटन!" आणि मग मधेच थांबून म्हणाला, "कुणाला हाका मारतोय मी? तो तिकडे घरी सॉसेज भाजतोय."

पोलिसांना सांगायचं तर काय सांगायचं? माझा माणूस बुडाला असेल, आणि तो माझ्या शेजारी उभा आहे?

त्या संध्याकाळी आम्ही जेवलो. सॉसेज एका बाजूने करपली होती. वेंडेलने या वेळी सरासरी काढली नाही.

अशा गोष्टींत पुढे काय होतं ते तुम्हाला माहीत असेल. परत आलेल्या माणसाची सावली पडत नाही, कुत्री त्याच्यावर भुंकतात, उजवा तीळ डावीकडे सापडतो. मी सगळं बघितलं. तो झोपला की मी त्याच्या हनुवटीखालचा लहानपणचा व्रण बोटाने चाचपायची. होता. घोरणं तेच. दात घासताना गुणगुणणं तेच. शेजारच्यांचं कुत्रं त्याच्या अंगावर उड्या मारायचं. माझ्या आईच्या वाढदिवसाला माझ्या आधी त्याचाच फोन गेला. काही म्हणजे काहीच फरक नव्हता. एखादा जरी सापडला असता ना, तरी मी मोकळी झाले असते. रडले असते, पळून गेले असते, काहीतरी केलं असतं. पण फरकच नव्हता. मग करणार काय? मी सकाळी उठायची, दुकानात जायची, लोकांच्या नाकावर चष्मे बसवायची, घरी यायची.

हिवाळ्यात एकदा आम्ही भांडी धूत होतो. तो विसळत होता, मी पुसत होते. बाहेर बर्फ पडत होता आणि खिडकीच्या फटीतून तो वास आत येत होता. तो म्हणाला, "मॅर, तुला कधी वाटतं का, की तू चुकीच्याला..."

"नाही," मी म्हटलं.

तो बराच वेळ एकच ताटली धरून उभा राहिला. नळ चालूच.

"मला वाटतं कधीकधी," तो म्हणाला. "मी आठवायचा प्रयत्न करतो. पोहत गेलो, ते आठवतं. थंडी आठवते. मग तराफ्यावर बसलोय, आणि तुम्ही ओढताय. दोरी कधी बांधली ते आठवत नाही. बांधली असेनच. पण आठवत नाही."

मी त्याच्या हातातली ताटली घेतली आणि पुसली. तो हुंदका देईल असं वाटलं, पण नाही दिला. मीही त्याला जवळ घेतलं नाही. घ्यावंसं वाटलं नाही असं नव्हे. वाटण्याचं यंत्रच कुठेतरी बंद पडलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा जायला लागलो. तुम्ही विचाराल, कशाला? न जायचं म्हणजे काहीतरी झालं होतं असं कबूल करायचं. वेंडेलचा फोन आला, "निघालात की नाही? मासे विचारतायत." त्याचा आवाज थोडा चाचरला, पण शब्द तेच होते. आम्ही गेलो. बूट काढले. नवी जाड साखळी लावून तराफा धक्क्यापाशी बांधला. बोट घेऊन कोन्याच्या दिशेला कोणी जायचं नाही, हे न बोलताच ठरलं.

आणि ते शनिवार-रविवार छान गेले. हे मी मुद्दाम सांगते. जोडीला मुलगी झाली होती, थिआ. पाण्याचा आवाज आला की थिआ दोन्ही पाय झाडायची, आणि आम्ही सगळे त्यावर हसायचो. ती माझ्याकडे चटकन यायची. तिला मांडीवर घेऊन मी सावलीत तासन्‌तास बसायची. तिचं डोकं हनुवटीखाली आलं की त्याचा दुधाळ वास यायचा, आणि माझ्या आत थोडंसं काहीतरी हलल्यासारखं व्हायचं. जुलै अर्धा होईतो मी पुन्हा पोहायलाही लागले. आधी गुडघाभर पाण्यात, मग तराफ्यापर्यंत, मग त्याच्याही पलीकडे. क्लेटन धक्क्यावर उभा राहून बघायचा. "फार लांब जाऊ नकोस," म्हणायचा.

मग तो रविवार आला. दुपारचं जेवण बाहेर, झाडाखालच्या टेबलावर मांडलं होतं. थिआ माझ्या मांडीवर. क्लेटन घरामागे ग्रिलपाशी. पलीकडून एक छोटी होडी आली आणि तिच्यातून एक म्हातारी बाई उतरली, हातात फडक्याने झाकलेली थाळी, तीत भट्टीत भाजलेला ब्लूबेरी पाय. धक्क्यावरून सांभाळून पावलं टाकत आली.

"मी बर्निस पेल्टोला. भावाच्या घरी राहायला आलेय या उन्हाळ्यात, तिकडे, ओंडक्यांच्या कोन्याशी. शेजार आहे, म्हटलं ओळख करून घ्यावी. ब्लूबेरी आमच्या घरामागच्याच आहेत."

वेंडेलने खुर्ची दिली. जोडीने लिंबू सरबत दिलं. बाई मोठी बोलघेवडी. मासे, डास, भावाचा गुडघा, सगळं सांगून झालं.

"तुमच्यातले ते उंच गृहस्थ फार सज्जन हो," ती म्हणाली. "रोज आमच्या धक्क्यापाशी येतात. कमरेइतक्या पाण्यात उभे असतात. मी किती वेळा म्हटलं, वर या, कॉफी घ्या, नाहीतर होडीने पलीकडे सोडते तुम्हाला. तर म्हणतात, नको, माझी मंडळी येणारच आहेत मला घ्यायला."

वेंडेलचा हात सरबताच्या भांड्यावर होता, तो तिथेच राहिला.

तेवढ्यात क्लेटन घरामागून आला, हातात सॉसेजचं ताट. बाई त्याला बघून खळखळून हसली.

"अहो! माझ्याआधी कसे पोचलात? आत्ता तर तुम्हाला तिकडे पाण्यात सोडून आले मी!" बाईने हसत हसतच मान माझ्याकडे वळवली. "आणि बायकोलाही घेऊन आलात की. बरं केलंत. गेल्या रविवारपासून ही बाई तुमच्याबरोबर दिसायला लागली, तेव्हा मी भावाला म्हटलंसुद्धा, चला, आता बिचारे एकटे नाहीत..."

बोलता बोलता ती माझे केस बघत होती. कोरडे होते. माझा फ्रॉक, टेबलावरची उष्टी ताटली, मांडीवरचं बाळ. तिचं हसू हळूहळू कमी होत गेलं.

"म्हणजे... तुम्ही बहिणी आहात का जुळ्या?" तिने विचारलं.

मी गेला रविवार आठवत होते. सगळा आठवला. सकाळी पोहले. तराफ्याच्या पुढे गेले, पाठीवर पडून आकाश बघितलं, परत आले. टॉवेलने अंग पुसलं. कणसं खाल्ली. पत्ते खेळलो. काहीही झालं नव्हतं. थोडं धुकं होतं सकाळी, पण ते असतंच.

"तिकडे पाण्यात आहे ना, तिचा निरोप आहे," बाई उठत, जराशी गोंधळून, जोडीला म्हणाली. "मला काही कळला नाही तो. पण दिलाय तर सांगते. म्हणाली, थिआला फार वेळ उन्हात ठेवू नका. तिची कातडी नाजूक आहे म्हणावं."

बाई गेली. होडीचं छोटं इंजिन बराच वेळ ऐकू येत होतं, मग तेही थांबलं. क्लेटनने ताट खाली ठेवलं, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला आणि ब्लूबेरी पायचे तुकडे करायला लागला. अगदी सारखे, सुतारासारखे मोजून. पहिला माझ्यापुढे ठेवला. मी त्याच्याकडे बघितलं. वर्षभरात पहिल्यांदा त्याचा चेहरा मला निवांत दिसला.

जोडी उठली. टेबलाला वळसा घालून आली, आणि थिआला माझ्या मांडीवरून उचलून घेतलं. अगदी हलक्या हातांनी, शाळेपासूनची मैत्रीण ती, मला दुखवायचं नव्हतं तिला.

"झोप आलीये तिला," जोडी म्हणाली.

थिआचे डोळे टक्क उघडे होते. ती आईच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या मागे, तळ्याकडे बघत होती, आणि ओळखीचं माणूस दिसल्यासारखे दोन्ही पाय झाडत होती.